बंदी, मनाई, प्रतिबंध, निषेध, मज्जाव: कुठे काय लिहायचं?

प्रश्न असा आहे की एका हाउसिंग सोसायटीने गच्चीच्या दारावर "प्रवेश निषेध" असा बोर्ड लावला, मीटिंगमध्ये एक काका म्हणाले हे हिंदी आहे, "प्रतिबंध" लिहा, दुसऱ्या काकू म्हणाल्या "मज्जाव" लिहा, सेक्रेटरींचं म्हणणं सरळ "बंदी" लिहा, आणि विचारणाऱ्याला आता हे हवंय की या शब्दांमध्ये खरंच काही फरक आहे की सगळे सारखेच. मी कोर्टाचे आदेश, अधिसूचना, नियमावल्या मराठीत आणायचं काम करतो आणि त्याआधी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर होतो, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. फरक आहे, आणि बऱ्यापैकी आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठलाही शब्द घेतला तरी नेमकं काय करायचं नाही हे त्यातून कळत नाही, ते पुढच्या क्रियापदातून कळतं. त्यावर येतोच.

आधी निषेधाचं मिटवू कारण तिथे काका बरोबर आहेत. संस्कृतात आणि हिंदीत निषेध म्हणजे मनाई, म्हणून हिंदी पाट्यांवर "प्रवेश निषेध", "धूम्रपान निषेध" असतं आणि तिथे ते चोख आहे. मराठीत मात्र निषेध म्हणजे जाहीर नापसंती, धिक्कार. काळ्या फिती लावून करतात तो निषेध, "अमुक तमुकचा जाहीर निषेध" असं फ्लेक्सवर लिहितात तो निषेध. त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला "प्रवेश निषेध" म्हणजे प्रवेशाविरुद्ध मोर्चा निघालाय की काय असं वाटायला हवं, पण पाट्या इतक्या झाल्यात की आता कुणाला काही वाटत नाही. गंमत म्हणजे याच धातूचे बाकीचे शब्द मराठीत जुना अर्थ धरून बसलेत. "निषिद्ध" म्हणजे मना केलेलं, "विधिनिषेध" म्हणजे काय करावं काय करू नये याची चाड ("त्याला कसलाही विधिनिषेध नाही" असं आपण सर्रास म्हणतो). म्हणून "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र" हे मराठीत बरोबर आहे आणि "धूम्रपान निषेध" हे हिंदी आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता बंदी. हा फारसीतून आलेला शब्द, बंद करणे, बांधणे हा मूळ भाव, आणि मराठीने त्याला शेपटीसारखं कशालाही जोडायची सवय लावून घेतलीय. दारूबंदी, गुटखाबंदी, प्लास्टिकबंदी, निर्यातबंदी, शिकारबंदी. आदर्श गाव योजनेत तर अशा बंद्यांची मालिकाच आहे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, पुढे लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी, हिवरे बाजारसारख्या गावांनी हे शब्द भिंतीवर रंगवून घेतले आणि पाळलेही. कुऱ्हाडबंदी हा शब्द मला फार आवडतो, "वृक्षतोडीस प्रतिबंध" असं चार ओळीत लिहिण्यापेक्षा ज्या हत्याराने तोडायचं तेच खाली ठेवायला लावलं. पण नीट बघा, याच यादीतली नसबंदी ही त्या अर्थाने बंदी नाहीच, ती बंद करण्याची शस्त्रक्रिया आहे. तटबंदी म्हणजे तट बांधणं, नाकाबंदी म्हणजे नाके अडवणं. आणि जमाबंदी म्हणजे महसुलाची व्यवस्था लावणं, पुण्यात जमाबंदी आयुक्त बसतात ते जमिनीच्या नोंदी सांभाळतात, जमाव पांगवत नाहीत. डेस्कवर "जमाबंदी" आणि "जमावबंदी" यातला एक व कधी उडतो कधी घुसतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतात, दंगलीच्या बातमीत "शहरात जमाबंदी लागू" वाचून एखादा तलाठी नक्की हसत असणार. शिवाय तुरुंगवाले कैद्यालाही बंदी म्हणतात, "न्यायाधीन बंदी", "सिद्धदोष बंदी" हे कारागृह खात्याचे रोजचे शब्द, हा बंदी संस्कृतातला, वेगळा. त्यामुळे "कारागृहात बंदी वाढले" आणि "कारागृहात बंदी वाढली" यात फक्त एका मात्रेचा खेळ आहे.

बंदी ही सहसा वरून येते, सगळ्यांवर येते, आणि ती वस्तूवर किंवा प्रकारावर असते. मनाई ही कृतीला असते आणि बहुतेक वेळा समोर कोणीतरी ठराविक माणूस असतो. "येथे वाहने उभी करण्यास मनाई आहे", "परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई". मनाईत परवानगीची फट गृहीत धरलेली असते, विचारलंत तर कदाचित मिळेल. कोर्टात हा शब्द अगदी पक्का आहे: मनाई हुकूम. शेजाऱ्याने बांधावर भिंत घालायला घेतली तर तुम्ही दिवाणी कोर्टात जाऊन त्याच्याविरुद्ध मनाई मागता, ती तूर्तातूर्त असते, तात्पुरती असते, शेवटी दावा जिंकलात तर कायम होते. त्याला कुणी "बंदी हुकूम" म्हणत नाही. आणि लोक बोलताना सगळ्यालाच "स्टे आणला" म्हणतात ते वेगळं, स्टे म्हणजे स्थगिती, ती चालू असलेल्या कारवाईला किंवा निकालाला मिळते, मनाई माणसाला होते. बातमी लिहिणाऱ्यांनी तरी हे दोन वेगळे ठेवावेत असं मला वाटतं, वाचणाऱ्याची जमीन अडकलेली असते आणि त्याला नेमकं कळायला हवं की काय थांबलंय.

मनाई आणि बंद एकमेकांसमोर आलेलं सुंदर उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२४. विरोधी पक्षांनी २४ तारखेला महाराष्ट्र बंद पुकारला आणि आदल्या दिवशी मुंबई हायकोर्टाने राजकीय पक्षांना बंद करण्यापासून रोखलं. बंद आणि बंदी हे सख्खे भाऊ, पण एक रस्त्यावरून येतो आणि दुसरी खुर्चीवरून.

प्रतिबंध हा जरा कारकुनी शब्द, आणि तो दोन डगरींवर उभा आहे. एकीकडे त्याचा अर्थ होऊच नये म्हणून आधी केलेला उपाय: प्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, प्रतिबंधात्मक कारवाई. दुसरीकडे सरळ मनाई: "प्रतिबंधित गुटखा जप्त". कायद्यांची नावं बघितली तर हा घोळ दिसतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, मूळ इंग्रजी नावात पूर्ण मनाईचा शब्द आहे. बालविवाहाचा १९२९ चा कायदा इंग्रजीत फक्त आवर घालण्याचा होता, २००६ चा कायदा मनाईचा झाला, मराठीत दोन्ही "बालविवाह प्रतिबंधक". म्हणजे कायदा कडक झाला आणि मराठी नाव जागेवरच राहिलं. जिथे इंग्रजी नावात आधीच रोखणं आणि मनाई हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात तिथे मात्र भाषांतरकाराला लपायला जागा नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मराठीत "प्रतिबंध, मनाई व निवारण" असा आला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा "प्रतिबंध, बंदी व निवारण" असा. एकाच इंग्रजी शब्दाला एकदा मनाई आणि एकदा बंदी. चूक कुठलंच नाही, पण माझं मत विचाराल तर छळाला "मनाई" हा शब्द जरा मवाळच वाटतो, जणू अर्ज केला तर परवानगी मिळेल.

बोलीभाषेने मात्र प्रतिबंधाला कधी दारात उभं केलं नाही. १९४७ चा जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा गावात "तुकडेबंदी" म्हणूनच ओळखतात, तलाठीही तसंच म्हणतो आणि वकीलही. लोक नाव ठेवताना नेहमी बंदीच ठेवतात. आणि इथेच माणूस फसतो.

कारण बंदी हा शब्द वस्तूचं नाव सांगतो, क्रिया सांगत नाही. गुटखाबंदी घ्या. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून आहे. ती अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ३० खालच्या आदेशाने आहे, आणि त्या कलमात उत्पादन, साठवण, वितरण आणि विक्री एवढ्या चार गोष्टी थांबवायचा अधिकार आहे, तोही एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो आणि पेपरात "गुटखाबंदीला मुदतवाढ" अशी छोटी बातमी येते, लोकांना वाटतं अरे ही संपली होती का. आणि यादीत खाणं नाहीये. "गुटखा खायला बंदी" असं जे आपण म्हणतो ते त्या आदेशात नाही, खाणारा थुंकला तर वेगळ्या नियमाने दंड भरेल, पण गुटखाबंदीचा आदेश टपरीवाल्यासाठी, गोदामवाल्यासाठी आणि टेम्पोवाल्यासाठी आहे.

आता याच्या शेजारी प्लास्टिकबंदी ठेवा. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, तिच्या नावातच कंसात क्रियांची रांग आहे: उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक, हाताळणी, साठवणूक. दुसराच शब्द वापर. म्हणून भाजी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकालाही लागू, पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. त्या उन्हाळ्यात लोक एकमेकांना विचारत होते की दुधाची पिशवी चालते का, तर चालत होती, ठराविक जाडीची आणि परत घ्यायच्या अटीवर. म्हणजे "प्लास्टिकबंदी" हे नाव ऐकून ज्याने दूध बंद केलं तोही चुकला आणि "बंदी दुकानदारांना असते" म्हणून पातळ पिशवी फिरवत राहिला तोही चुकला. दोघांनी शब्द वाचला, क्रियापदं वाचली नाहीत.

दारूबंदी हा तर सगळ्यात मजेशीर प्रकार. ज्या कायद्याखाली महाराष्ट्रात दारूची दुकानं, बार, परमिट रूम चालतात त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९. मुंबई प्रांत होता तेव्हाचा कायदा, तत्त्व असं की सगळं बंद, मग ज्याला हवं त्याने परवाना घ्यावा. त्यातून पिण्याचाही परवाना आला, एक दिवसाचा किंवा आयुष्यभराचा, "परमिट रूम" हा शब्द तिथूनच. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे खरोखर कोरडे, चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडा झाला आणि मे २०२१ मध्ये राज्य सरकारने ती बंदी उठवली. म्हणजे "महाराष्ट्रात दारूबंदी आहे का" याचं उत्तर कायद्याच्या नावाप्रमाणे हो आहे, रस्त्यावर नाही आहे, आणि काही जिल्ह्यांत दोन्हीकडे हो आहे (कागदावर तरी).

याच विषयात गावाने एक शब्द दिलाय जो कुठल्याही शासन व्यवहार कोशात सापडणार नाही: आडवी बाटली. गावातलं दुकान बंद करायचं का यावर बायकांचं मतदान होतं, मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. हजर असलेल्यांपैकी नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. "बाटली आडवी केली" हा वाक्प्रयोग आता इतका रुळलाय की मथळ्यात अवतरण चिन्हं घालायची गरज पडत नाही. "ठरावाद्वारे मद्यविक्रीस प्रतिबंध" लिहून बघा आणि "बायकांनी बाटली आडवी केली" लिहून बघा, कुणी काय केलं हे कशातून कळतं ते तुम्हीच ठरवा.

जमावबंदी आणि संचारबंदी हा दुसरा नेहमीचा गोंधळ. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त लोकांनी एकत्र जमायचं नाही, एकट्याने बाहेर पडायला हरकत नाही. संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. दोन्ही एकाच कलमाखाली येऊ शकतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३, म्हणून "१४४ लागू" एवढंच वाचून काही कळत नाही. मार्च २०२० मध्ये आपण सगळे हे शिकलो, २२ तारखेला जमावबंदीची घोषणा झाली, २३ ला संचारबंदी आणि जिल्हाबंदी आली, दोन दिवसांनी देशभर लॉकडाऊन. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे, सणासुदीला किंवा मोर्चाच्या आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त त्याखाली पंधरा दिवसांचा आदेश काढतात, त्यात शस्त्र बाळगण्यापासून ते जमाव करण्यापर्यंत बरंच काही असतं, तिथे "मनाई आदेश" हा शब्द वापरला जातो आणि तोच बरोबर, कारण आत वेगवेगळ्या कृतींची यादी असते. पेपरवाले मात्र यालाही जमावबंदी म्हणतात कारण मथळ्यात बसतं. आणि लॉकडाऊनला काहींनी "टाळेबंदी" लिहायला सुरुवात केली तेव्हा गिरणगावातल्या जुन्या माणसांना ते खटकलं असणार, कारण टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्याला लावलेलं कुलूप, कामगारांनी केला की संप आणि मालकाने केली की टाळेबंदी. शब्द वाईट नव्हता, पण त्याचं आधीच दुसरीकडे लग्न झालेलं होतं.

नोटाबंदीचंही तसंच, ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून काढल्या, त्याला शास्त्रशुद्ध शब्द निश्चलनीकरण, तो अग्रलेखातच राहिला. रांगेतल्या माणसाने नोटबंदी म्हटलं ते हिंदी वळणाचं, मराठी व्याकरणाने नोटाबंदी. मी नोटाबंदी लिहितो, पण यावरून कुणाशी भांडत नाही.

आता निर्बंध. बंदी आणि निर्बंध यात जमीनअस्मानाचा फरक आहे, निर्बंधात गोष्ट चालू राहते, फक्त तिच्याभोवती कुंपण येतं: वेळ, संख्या, जागा, अट. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नाही हा निर्बंध. डान्सबारचा सगळा वाद याच दोन शब्दांमधला होता. २००५ मध्ये राज्याने बंदी आणली, हायकोर्टाने ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला, मग सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा केला ज्यात अटी इतक्या होत्या की बार चालवणं अवघडच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नियमन जरूर करा पण नियमनाच्या नावाखाली पूर्ण बंदी नको. मोजून एवढंच तत्त्व, पण त्याला चौदा वर्षं गेली.

निर्बंधाच्या नावाखाली बंदी म्हणजे काय हे कांदेवाल्यांना शिकवायला लागत नाही, त्यांच्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: अघोषित निर्यातबंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, कागदावर निर्यात खुली, पण त्या भावात बाहेर कोण घेणार. मग डिसेंबरमध्ये खरीखुरी निर्यातबंदी आली, लासलगावला लिलाव बंद पाडले गेले. मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि पुन्हा ४० टक्के शुल्क लावून. दिल्लीच्या भाषेत "बंदी उठवली", नाशिकच्या भाषेत "बंदीच आहे, फक्त नाव काढलं". दोघांचंही वाक्य आपापल्या जागी खरं आहे, बातमीत दोन्ही यायला हवीत. गोव्यात उलटं झालं. तिथली "खाणबंदी" २०१२ मध्ये खरोखर बंदी होती, २०१८ मध्ये मात्र सुप्रीम कोर्टाने खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, म्हणजे खाणकामाला बंदी नव्हती, खाणवाल्यांकडे पट्टाच उरला नव्हता. पण ट्रक उभे राहिले की ड्रायव्हरला कलमाशी काय देणंघेणं, त्याच्यासाठी खाणबंदीच.

मज्जाव हा मला यातला सगळ्यात जिवंत शब्द वाटतो कारण त्यात दार दिसतं आणि दारात आडवा उभा राहिलेला माणूस दिसतो. मज्जाव नियमात नसतो, तो होतो. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता असंच सगळ्यांनी लिहिलं, कारण कायदा तर १९५६ पासून उलटा होता, मंदिर प्रवेश रोखणं हाच गुन्हा, एप्रिल २०१६ मध्ये हायकोर्टाने त्याचीच आठवण करून दिली आणि गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. तिथे "बंदी" लिहिलं असतं तर रोखणाऱ्यांच्या हातात नसलेला अधिकार आपणच दिल्यासारखं झालं असतं. हाच विचार गावबंदीला लावा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी "राजकीय नेत्यांना गावबंदी" असे फलक लागले. कायद्याने गावाला असा अधिकार नाही, पण पुढारी फलक बघून गाडी वळवत होते, म्हणजे बंदी चालली. मज्जाव नियमात नसतो, याच कारणाने सोसायटीच्या नोटिशीवर तो लिहू नये, तो स्वतःबद्दल लिहायचा शब्द नाही, दुसऱ्याने तक्रारीत लिहायचा आहे.

घरात यातला एकही शब्द चालत नाही. घरात "चालत नाही" हाच शब्द चालतो. "उपासाला ते चालत नाही", "आमच्यात चालत नाही", "श्रावणात चालत नाही". कुणी घातली बंदी, कधी घातली, विचारायची सोय नाही, वाक्यात कर्ताच नाही. जरा पोथीच्या जवळ गेलं की "वर्ज्य" येतो, चातुर्मासात कांदा लसूण वर्ज्य, गाण्यात भूप रागाला मध्यम आणि निषाद वर्ज्य. वर्ज्य म्हणजे ते तिथे शोभत नाही, शिक्षा नाही, पण घेतलं तर राग भूप राहत नाही. डॉक्टर मात्र "बंद" करतात: "डॉक्टरांनी साखर बंद केलीय". साखरेवर बंदी घातली असं कुणी म्हटलं तर समजायचं की चोरून खातोय आणि विनोद करतोय. आणि स्वतः ठरवलं की "सोडलं": तंबाखू सोडली, चहा सोडला. सरकारला हे सोडणं फार आवडतं म्हणून हल्ली बंदीच्या जागी "मुक्ती" आलीय, व्यसनमुक्ती, हागणदारीमुक्त, प्लास्टिकमुक्त. ऐकायला छान, पण मुक्त म्हटलं की दंड कुणाला करायचा ते कळत नाही, कार्यक्रमाला फोटो काढायला मात्र सोपं.

तर आता ती सोसायटीची पाटी. सोसायटी म्हणजे सरकार नाही, त्यामुळे "बंदी" हा शब्द तिने जपूनच वापरावा. कुत्रा पाळण्यावर बंदी असे ठराव बऱ्याच सोसायट्या करतात, पण प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की बहुमतानेही सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. गच्ची, टाकी, मीटर रूम यांसाठी "मनाई" पुरेशी आणि बरोबर, शिवाय परवानगी कोणाची हे लगेच लिहायचं: "समितीच्या परवानगीशिवाय गच्चीवर जाण्यास मनाई आहे. किल्ली वॉचमनकडे मिळेल." बाकी सगळ्या बारीकसारीक गोष्टींना मराठीत एक सोन्यासारखं रूप आहे ते वापरा, "नये". लिफ्टमध्ये थुंकू नये, फुलं तोडू नयेत, जिन्यात चपला ठेवू नयेत. "नका" म्हटलं की समोरच्याकडे बोट जातं आणि तो विचारतो मी कधी केलं, "नये" कुणाकडेच बघत नाही, त्यामुळे कुणाला राग येत नाही आणि सगळ्यांना कळतं. फक्त अनेकवचनाला "नयेत" करायला विसरू नका, "वाहने लावू नये" असं लिहिलेल्या पाट्या बघून माझं डोकं दुखतं.

लिहिताना क्रियापदं सांभाळा. बंदी घालतात, आणतात, नको असेल तर लादतात. "बंदी लावली" हे हिंदीच्या "रोक लगा दी" वरून आलंय, टीव्हीच्या पट्टीवर सारखं दिसतं, आता कानालाही सवय झालीय तरी मी बदलतो. मनाई करतात, मनाई हुकूम काढतात किंवा बजावतात, मज्जाव करतात, निर्बंध घालतात किंवा लादतात. वस्तू असेल तर "वर" छान बसतं, गुटख्यावर बंदी, मांजावर बंदी. माणूस, वाहन किंवा कृती असेल तर "ला" किंवा "स", अवजड वाहनांना बंदी, प्रवेशास मनाई. "अवजड वाहनांवर बंदी" लिहिलं तर वाहनं बनवायचीच नाहीत असा भास होतो. "पाबंदी" पूर्ण हिंदी, सोडून द्या. "बॅन" बोलताना खुशाल वापरा, ॲप बॅन झालं, ग्रुपमधून बॅन केलं, तिथे बंदी घातली म्हणणं जरा जड होतं, पण खेळाडूच्या बाबतीत "एक वर्षाची बंदी" आणि "निलंबन" यात गल्लत नको, चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवतात ते निलंबन, निकालानंतर येते ती बंदी.

आणि बंदी जाते कशी त्यालाही शब्द आहेत. सरकार बंदी उठवतं, आपोआप गेली तर उठते, थोडी सैल केली तर शिथिल होते, कोर्ट ती रद्द करतं किंवा तिला स्थगिती देतं. हे सगळं "बंदी हटली" या एकाच टोपलीत टाकू नये. बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची मे २०१४ पासून बंदी होती, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने अटी घालून परवानगी दिली, निकाल अजून यायचा होता, पण घाटाघाटांत (शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात) भंडारा उधळला गेला आणि "बंदी उठली" छापून आलं. घटनापीठाचा निकाल मे २०२३ मध्ये आला आणि राज्याचा कायदा टिकला. मधल्या दीड वर्षात ज्याने "सशर्त परवानगी" लिहिलं तो बरोबर होता. पावसाळ्यातली मासेमारी बंदी मात्र ठरलेल्या तारखेला संपते, १ जून ते ३१ जुलै, तीही यांत्रिक नौकांना, बिनइंजिनाच्या होडीला ती लागूच नाही. तिथे कुणी उठवायला येत नाही. त्यामुळे १ ऑगस्टच्या बातमीत "सरकारने बंदी उठवली" असं आलं तर खुशाल खोडा आणि "बंदीचा काळ संपला" एवढंच ठेवा.